आधी वस्ती मोजा

अतिवृष्टी झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला असेल तर ती अतिवृष्टी. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक भरले तर मदत. मग सातबारा निघतो आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याच्या खात्यात पैसे जमा होतात. त्याच वावरात निंदायला-वेचायला येणाऱ्या बाया, वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी, मक्त्याने जमीन कसणारा माणूस, या सगळ्यांची मजुरी त्याच पाण्यात गेलेली असते. पण बुडालेल्या मजुरीचा पंचनामा करायला सरकारकडे नमुनाच नाही.

जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांत पूर आला तेव्हा हेच झाले. प्रस्तुत लेखसंग्रह जिथे सिद्ध झाला ते जाम हे गाव याच समुद्रपूर तालुक्यातले. नागपूरहून दक्षिणेला येणारा महामार्ग इथे फुटतो. एक फाटा हिंगणघाटावरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. पहिल्या फाट्यावर कापसाचा मुलूख आहे. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात विलायतेपर्यंत पोचले होते. दुसरा फाटा कोळशाच्या आणि औष्णिक विजेच्या मुलखात नेतो. हवामान बदलाचे कारण आणि हवामान बदलाचा मार एकाच चौकातून दोन दिशांना दिसावेत, अशी गावे महाराष्ट्रात फार नाहीत. म्हणूनच या संग्रहाचे संपादन मुंबई-पुण्यात न होता जामच्या परिसरात झाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

संग्रहाचा विषय वरवर पाहता दोन भागांत विभागलेला वाटेल. एक हवामान बदल: वाढते तापमान, लहरी पाऊस, लांबणारे खंड. दुसरा पर्यावरणातील भेदभाव: राखेचा बंधारा कोणाच्या वस्तीशेजारी येतो, कचरा कोणाच्या दारात पडतो, धरणाखाली कोणाचे गाव जाते. पण जमिनीवर हे दोन वेगळे राहत नाहीत. ऊन सगळ्यांवर सारखेच पडते असे म्हणणे सोपे आहे. ते पत्र्याच्या घरावर आणि स्लॅबच्या घरावर, झाडाखालच्या पारावर आणि वीटभट्टीवर सारखे पडत नाही, आणि कोण पत्र्याखाली व कोण भट्टीवर, हे आपल्याकडे फार आधीपासून ठरलेले आहे.

या प्रश्नाला जगात स्वतंत्र नाव मिळाले ते अमेरिकेत. १९८२ साली उत्तर कॅरोलायना राज्यातल्या वॉरन काउंटीत विषारी पीसीबी मिसळलेली माती पुरायचे ठरले. वस्ती बहुसंख्येने काळ्या लोकांची आणि गरीब. लोक ट्रकांसमोर रस्त्यावर आडवे झाले; पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती तिथेच पुरली गेली, पण प्रश्न देशभर गेला. १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेच्या अभ्यासाने दाखवले की घातक कचऱ्याची जागा कुठे असेल हे उत्पन्नापेक्षाही वंशावरून अधिक नेमके सांगता येते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी ह्यूस्टन शहराच्या कचरा डेपोंपासून सुरू केलेल्या कामाने या विषयाच्या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली. १९९१ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेने पर्यावरणीय न्यायाची १७ तत्त्वे मांडली आणि १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी प्रत्येक केंद्रीय खात्याला हा न्याय विचारात घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी एका सहीने तो रद्द केला. तीस वर्षे चाललेला कार्यक्रम कायद्यात न उतरता आदेशावरच उभा राहिला तर त्याचे काय होते, हे सरकारकडे काही मागणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे.

महाराष्ट्राला मात्र हा विचार वॉशिंग्टनहून आणावा लागत नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगलखात्याने गायराने आणि डोंगर हिरावल्याने कुणब्यांची गुरे कशी मेली हे लिहिले आणि वाहून जाणारी माती अडवण्यासाठी बांध घालावेत असे सरकारला सुचवले. पर्यावरण, जात आणि शासनाची जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकाच लेखणीतून एकोणिसाव्या शतकात उतरल्या होत्या. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले. तो समतेचा सत्याग्रह म्हणून शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. पण नैसर्गिक संसाधनावर हक्क कोणाचा हा प्रश्न सार्वजनिकरीत्या विचारण्याचाही तो दिवस होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये उभारलेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच वाटेवरचे. १९७२ च्या दुष्काळात बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली तेव्हा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली होती आणि गावोगाव पाणवठे वेगळेच होते. दुष्काळ सगळ्या गावावर येतो, पण विहीर आटत जाते तसे पाण्यापासून आधी कोण दूर होते, हे त्या मोहिमेने गावोगाव फिरून पाहिले आणि लोकांसमोर मांडले.

वर्धा जिल्ह्याची स्वतःची एक परंपरा आहे आणि ती या संग्रहात पुन्हा पुन्हा डोकावते. जमनालाल बजाजांनी १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना उघडले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते. त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये संपून जाणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा भरणाऱ्या साधनांतला फरक अर्थशास्त्राचा पाया मानला आहे. कोळसा आणि खनिज तेल यांवर उभी राहिलेली संपत्ती हिंसेकडे नेते, हे त्यांचे म्हणणे त्या काळी विक्षिप्त ठरवले गेले. आज ते वाचताना कुमारप्पांची दूरदृष्टी थक्क करते.

पण याच विचाराला आंबेडकरांची हरकत होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, कारण खेड्याबाहेर कोणाला ठेवले जाते ते त्यांनी जगून पाहिले होते. निसर्गाशी जुळवून घेणारे स्वयंपूर्ण गाव हे स्वप्न खरेच. त्या गावाचा नकाशा कोणी काढला, हा प्रश्नही तितकाच खरा. प्रस्तुत संग्रहाचा वैचारिक कणा या दोघांच्या मधला आहे. साधनांचा हिशोब कुमारप्पांकडून घ्यावा, वाटपाचा आंबेडकरांकडून. यातला एक सोडून दुसरा धरला की लेखन लंगडे होते, आणि मराठीतले पुष्कळ पर्यावरणलेखन तसे झाले आहे.

तिसरा प्रवाह विस्थापितांचा. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईला वीज हवी म्हणून मावळातल्या भातखाचरांवर पाणी चढले. शंभर वर्षांनंतर चंद्रपूरच्या विजेबद्दल हेच वाक्य थोड्या फरकाने लिहिता येते. कोयनेपासूनच्या विस्थापितांच्या लढ्यांनी राज्याला १९७६ चा पुनर्वसन कायदा करायला लावले आणि पुढे नर्मदेच्या काठच्या अक्कलकुवा-अक्राणीपर्यंतचे विस्थापित त्याच्या अंमलबजावणीसाठी दशके झगडले. विदर्भात १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्याच काळात गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या बळावर जंगल सांभाळायला सुरुवात केली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. सरकारने एक अधिकार मान्य केल्याने जंगलही वाचले आणि गावाच्या हाती पैसाही आला, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

अभ्यासकांनीही बरेच काही दिले. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी ‘धिस फिशर्ड लँड’मध्ये (१९९२) संसाधनांचा इतिहास म्हणजे संघर्षांचा इतिहास असे मांडले, गुहा आणि स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञ मार्तिनेझ-अलिये यांनी गरिबांच्या पर्यावरणवादाची संकल्पना रूढ केली. या मांडणीत गरीब होता, आदिवासी होता. जात मात्र कोपऱ्यात राहिली. मुकुल शर्मा यांच्या ‘कास्ट अँड नेचर’ने (२०१७) ती मध्यभागी आणली. मराठीत या अंगाने सलग लिहिलेले पुस्तक हाती लागणे अजून कठीण आहे.

शहरांचे प्रकरण त्यामानाने सगळ्यांना ठाऊक आहे. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आणि त्याच्या कुशीत दलित, मुसलमान आणि स्थलांतरित कष्टकरी राहतात. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून असलेल्या माहुलला हलवले गेले. त्यांनी न्यायालयांत वर्षानुवर्षे झुंज दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी कोणाला तिथे पाठवू नये, आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे असे बजावले. पुनर्वसनाच्या नावाखाली माणसे विषारी हवेत नेऊन ठेवता येत नाहीत, हे माहुलने अख्ख्या राज्याला शिकवले.

आता जामहून निघणारा दुसरा फाटा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. तिथले २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत. जुलै २०२२ मध्ये तिथल्या खसाळा राखड बंधाऱ्याला खिंडार पडले आणि राख शेतांत, नाल्यांत शिरली. मे २०२३ मध्ये कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. जनसुनावणी ही कायद्याने दिलेली लोकांची हक्काची जागा. पण तिथे मांडलेल्या हरकतींचे उत्तर कोणी आणि कधी द्यायचे, हे हरकत घेणाऱ्याला कळत नाही.

एक उदाहरण विस्ताराने द्यायला हवे, कारण संग्रहाचा मुख्य मुद्दा त्यात आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली. त्यासाठी धुराड्यांना गंधक काढणारी यंत्रणा बसवायची होती; मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली आणि देशातल्या बहुतेक संचांना या यंत्रणेतूनच सूट मिळाली. सक्ती राहिली ती दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटर परिघातल्या केंद्रांवर. चंद्रपूरसारख्या अति-प्रदूषित पट्ट्यांबाबत प्रत्येक प्रकरण वेगळे तपासायचे ठरले. सूट देणाऱ्यांची कारणे आहेत: भारतीय कोळशात गंधक कमी, यंत्रणा महाग. ती कारणे वाचूनही एक प्रश्न उरतो. धुराड्याभोवती मोठे शहर असेल तर त्या फुप्फुसांची काळजी कायद्याने घ्यायची आणि आठशे उंबऱ्यांचे गाव असेल तर घ्यायची नाही, हे कोणत्या न्यायात बसते? नियम लिहिणाऱ्याच्या मनात जात नसेलही. नियम जिथे लागू होत नाही तिथे कोण राहते ते पाहिले की जात आणि जमात आपोआप दिसतात. गोंड, कोलाम, भूमिहीन बौद्ध कुटुंबे, खाणीतले कंत्राटी कामगार.

उष्णतेचेही तसेच. मे २०१९ च्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्याच वर्षी अंदाज मांडला की उष्णतेच्या ताणामुळे २०३० मध्ये भारत कामाचे ५.८ टक्के तास गमावेल, म्हणजे साधारण ३.४ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. हे तास एसी कार्यालयातले नव्हेत. ते तेंदूपत्ता तोडणाऱ्यांचे, रस्त्यावर डांबर ओतणाऱ्यांचे, गटारात उतरणाऱ्यांचे तास आहेत. तरीही २०२४ पर्यंत केंद्राच्या आपत्ती मदतीच्या अधिसूचित यादीत उष्णतेची लाट नव्हती. उष्माघाताने मेलेल्या मजुराचे मरण त्यामुळे पुरात झालेल्या मरणाच्या रांगेत धरले गेले नाही.

इथे एक सावधगिरी हवी आणि संग्रहाने ती बाळगली आहे. प्रत्येक नुकसान जातीतून येत नाही. कर्ज काढून पऱ्हाटी लावणारा, सातबारा नावावर असलेला शेतकरीही बोंडअळी आणि अवकाळी पावसाने कोलमडतो; विदर्भातल्या आत्महत्यांनी ते सगळ्या जगाला दाखवले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण गेले, त्यांत मजूर होते तसे स्वतःच्या शेतात फवारणारेही होते. तेव्हा गावातल्या शेतकऱ्याला मजुरासमोर उभे करणे हा या लेखनाचा हेतू नाही. दोघांचे नुकसान एका कागदावर यावे, एवढेच मागणे आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशाच्या वहिवाटीखालील क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे सुमारे ८.६ टक्के क्षेत्र होते, लोकसंख्येतला त्यांचा वाटा १६.६ टक्के असताना. जमीन हाच मदतीचा एकमेव आधार ठेवला तर हे अंतर दर आपत्तीत रुंदावत जाणार.

हे सगळे आत्ताच म्हणायचे कारण कायद्याने एक दार उघडले आहे. मार्च २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ आणि २१ व्या अनुच्छेदांत शोधला. अनुच्छेद १४ म्हणजे समता. खटला माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्यांचा होता, पण न्यायालयाने गरिबांवर आणि वंचितांवर पडणाऱ्या असमान भाराची नोंद घेतली. शासनाने आता या हक्काला कायद्याचे आणि निधीचे रूप द्यायचे आहे. दुसरे कारण भारताच्या स्वतःच्या भूमिकेत आहे. १९९२ च्या रिओ परिषदेपासून दिल्ली श्रीमंत देशांना सांगत आली आहे की ज्यांनी कमी धूर सोडला त्यांच्यावर जास्त भार नको. २०२२ मध्ये शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत हानी-नुकसान निधीचे तत्त्व मान्य झाले ते अशाच मांडणीच्या जोरावर. ही मांडणी निखालस न्याय्य आहे. तीच शर्म-अल-शेखहून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडापर्यंत उतरली पाहिजे. देशाने जगाकडे मागितलेला न्याय देशातल्या वस्तीला नाकारता येत नाही.

महाराष्ट्र शासनाला हे जमणार नाही, असे म्हणायला इतिहास परवानगी देत नाही. १९७२ च्या दुष्काळात जमीन नसलेल्याला काम मागण्याचा हक्क देणारी रोजगार हमी योजना इथेच उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाने तो विचार उचलला. अलीकडे हवामानाशी जुळवून घेण्यासाठी मुख्यत्वे विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच हजारांहून अधिक गावांत कृषी संजीवनी प्रकल्प राबवला गेला. वर्धा त्यात आहे. शेततळे, ठिबक, शेडनेट यांचा लाभ साहजिकच जमीनधारकाला अधिक झाला, भूमिहीनांच्या वाट्याला शेळीपालनासारखे मोजके घटक आले. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह होता. वस्तीची पाटी बदलली. नाल्याच्या काठची, गावाच्या उताराची तिची जागा तीच राहिली.

संग्रहाचा सारा रोख म्हणून मोजण्यावर आहे. जिल्ह्याची सरासरी, तालुक्याची सरासरी, महसूल मंडळाची सरासरी या आकड्यांनी शासन चालते आणि वंचित वस्ती नेमकी त्यांच्या आड जाते. पर्जन्यमापक मंडळाला एक, हवा मोजणारी यंत्रे बहुतेक शहरांत, आरोग्याच्या नोंदीत आजाराचे नाव आहे पण रुग्णाच्या घरापासून राखड बंधारा किती अंतरावर आहे ते नाही. संग्रहातल्या लेखकांनी यावर शहाणपणाचा मार्ग काढला आहे. त्यांनी आरोप आधी आणि पुरावा नंतर असे केलेले नाही. वस्ती धरून पाणी, हवा, घराचे छत, कामाचे तास आणि मिळालेली मदत लिहून काढली, आणि त्यातून मागण्या बांधल्या: मजुरीच्या नुकसानीचा पंचनाम्यात रकाना, उष्णतेच्या दिवसांत दुपारच्या कामबंदीचा भरपगारी नियम, प्रकल्पाच्या परिणाम अहवालात जात-जमातवार वस्तीचा नकाशा, जनसुनावणीतल्या प्रत्येक हरकतीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर.

काही भाग वाचकाला कोरडे वाटतील. अर्जांचे नमुने, माहिती अधिकारात मागवायच्या कागदांची यादी, वनहक्काच्या दाव्याला लागणारे पुरावे. ते तसेच ठेवले ते बरे झाले. हा संग्रह अभ्यासकाच्या मेजावर राहील तसा तो ग्रामसभेतही उघडला जावा, अशी तो सिद्ध करणाऱ्यांची इच्छा आहे. काही गोष्टी त्यात आलेल्या नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे प्रश्न, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांचे प्रश्न, पारध्यांच्या बेड्यांचे, म्हणजे वस्त्यांचे, प्रश्न. यांना स्वतंत्र पुस्तके लागतील. वर्धा आणि वैनगंगेच्या मधल्या मुलखापुरते मात्र इथे जे लिहिले आहे ते गावे फिरून, माणसांशी बोलून आणि कागद ताडून लिहिले आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभांमध्ये त्यातला मजुरीच्या पंचनाम्याचा ठराव मांडायचे काही गावांनी ठरवले आहे. ठरावाचा मसुदा संग्रहाच्या शेवटच्या पानावर छापला आहे, गावाच्या नावाची जागा रिकामी ठेवून.